काटा साठवर आला की…

नाही, पण तुम्हीच सांगा, त्या टायरांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? चांगले टायर. दीड वर्षाचे. काढून टाकले, का, तर टायरवाला म्हणाला. आणि टायरवाला कसा म्हणतो माहितीये का, तो गाडीकडे बघतच नाही, तो आधी तुमच्याकडे बघतो, मग चाकाला एक लाथ घालतो, मग डोळे बारीक करून, "साहेब, टायर गेलेत." घ्या. लाथेवरून निदान. बरं, घातले नवीन. चाकं मशीनवर फिरवून बॅलन्स केली, कडेला ते शिशाचे बारके तुकडे ठोकले, मी गाडी मोठ्या रस्त्याला काढली. चाळीस, काही नाही. पन्नास, काही नाही. पंचावन्नला तर गाडी अशी चालली की वाटलं, उगाच शंका घेतली गरिबावर, परत जाऊन माफी मागावी… आणि काटा साठवर आला की सुरू.

सुरू म्हणजे काय ते तुम्हाला सांगतो. आधी स्टिअरिंग नुसतं मुंग्या आल्यासारखं करतं. मग मनगटं. मग कोपरं. मग आरसा हलायला लागतो आणि मागून येणारा एक ट्रक तुम्हाला चार ट्रक दिसतात. डॅशबोर्डवर ठेवलेलं बायकोचं चष्म्याचं घर चालत चालत, खोटं नाही सांगत, चालत चालत येऊन माझ्या मांडीवर पडलं. आणि सत्तरला? सत्तरला सगळं शांत. जसं काही झालंच नाही. म्हणजे हा आजार फक्त साठला. मला सांगा, माणसानं काय करायचं, पंचावन्नवरून सत्तरवर उडी मारायची?

आता तुम्ही म्हणाल, विका की राव. माझा मेहुणाही तेच म्हणतो, त्याला दर प्रश्नावर तेवढं एकच उत्तर येतं. पण ही गाडी माझी नाहीये हो. कागदोपत्री माझी आहे. गाडी सासऱ्यांची. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, खरं तर तिला अहोजाहोच करायला पाहिजे. आमचे सासरे म्हणजे सरकारी वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर होते. पस्तीस वर्षं दुकानादुकानात जाऊन तराजू बघायचे, वजनं बघायचे, आणि बोलायचे काही नाहीत. बरोबर असलं तर शिक्का. चुकलं असलं तर वजन उचलायचं, पिशवीत टाकायचं आणि चालू लागायचं. आख्खा बाजार त्यांच्या गप्प बसण्याला घाबरायचा. घरीही तेच. लग्नाच्या आधी मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता हे मला पिशवीत टाकतात.

तर अकरा वर्षांपूर्वी त्यांचा उजवा गुडघा आखडला आणि त्यांनी गाडी माझ्या हवाली केली. समारंभ काय विचारू नका. एक किल्ली. एक ग्रीस भरायची पिचकारी, म्हणजे ग्रीस गन हो, फडक्यात गुंडाळलेली, बाळ द्यावं तशी दिली. आणि दोन शब्द. "दर रविवारी." बस. वळले, वरच्या मजल्यावर गेले, खिडकीत बसले.

आणि तुम्हाला सांगतो, मी एक रविवार चुकवला नाही. अकरा वर्षं. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा टाके असताना अंगणात आडवा झालो, बायको वरून ओरडतेय, "अहो, फुटाल." जुन्या गाडीला पुढच्या चाकांपाशी छोट्या छोट्या घुंड्या असतात, तिथे गन लावायची, दाबायचं, ग्रीस आत जातं. सासरे त्याला एक तास लावायचे. जॅक लावा, एक चाक उचला, खाली लाकडाचा ठोकळा सरकवा, ग्रीस भरा, उतरवा, मग दुसरं चाक. मी मनात म्हटलं, वय झालंय, कंबर वाकत नाही, म्हणून हे गाडीच वर घेतात. माझी कंबर वाकते. मी सरळ खाली शिरतो, दहा मिनिटांत काम फत्ते. बायकोपुढे वर शेखी मिरवली, "तुझे बाबा तास घालवायचे." ती म्हणाली, "बाबा कधी काही उगाच करत नाहीत." मी हसलो. काय हसलो होतो मी… आठवलं की अजून कान गरम होतात.

असो. पेच काय झाला, तर सासऱ्यांची एक थोरली बहीण आहे. ते चौऱ्याऐंशी, ती एक्याण्णव. पंचेचाळीस किलोमीटरवर राहते, टेकडीवरच्या घरात, ऐकू कमी येतं पण बोलण्यात काही कमी नाही. जगात सासऱ्यांना रागावणारी ती एकटी. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी ह्यांना तिच्याकडे न्यायचो, दोघं समोरासमोर बसून पत्ते खेळायची, ती लबाडी करायची आणि हे, सगळ्या बाजाराची लबाडी पकडलेला माणूस, हे तिची लबाडी बघून न बघितल्यासारखं करायचे. आणि ह्यांचा तो उजवा गुडघा वाकत नाही. आजकालच्या गाड्यांत पाय मुडपून बसावं लागतं. ही एकच गाडी अशी, दार हे एवढं रुंद, सीट सोफ्यासारखी, पाय सरळ ठेवून बसता येतं.

तर एका शनिवारी निघालो. काटा साठवर आला की सुरू. सासऱ्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला. म्हणाले, "वळवा." मी म्हटलं, "बाबा, पंचावन्ननी नेतो ना सावकाश." तर म्हणाले, "चुकलेलं माप हळू वापरलं म्हणून बरोबर होत नाही." त्यांच्या मानानं ते भाषण होतं. घरी आलो. पुढच्या महिन्यात म्हणाले, बघू. त्याच्या पुढच्या महिन्यातही बघू. तिकडून फोन, "मेला का काय तो? मेला असेल तर निदान कळवा." सासरे फोन ठेवायचे आणि खिडकीत जाऊन बसायचे. एक्याण्णव आणि चौऱ्याऐंशी. असे किती महिने असतात हो हातात? बायको बोलायची नाही, नुसतं कॅलेंडरचं पान उलटायची, पण ते अशा आवाजात उलटायची की मला ऐकू जावं.

मग मी पेटलो. टायर तर झालेच. मग अलाइनमेंटवाला. त्याच्याकडे कॉम्प्युटर. चाकांना आरसे लावले, पडद्यावर हिरव्या रेघा, तांबड्या रेघा, तो म्हणाला, "सर, मशीन बरोबर दाखवतंय." मी म्हटलं, "पण गाडी हलतेय." तो म्हणाला, "पण मशीन बरोबर दाखवतंय." मग आमचे शेजारी, बँकेतून रिटायर झालेत पण मत द्यायचं राहून गेलं असावं, ते म्हणाले स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळा. स्वतःच आवळून दिला. आता स्टिअरिंग वळवायला दोन माणसं लागायला लागली, पण काटा साठवर आला की… अहो, तुम्हीच म्हणा आता.

शेवटी टायरवाल्यालाच माझी दया आली. म्हणाला, "साहेब, ताईंकडे जा." आणि हे म्हणताना त्यानं आवाज खाली केला. मला वाटलं ताई म्हणजे कुणी अंगारे-बिंगारे देणाऱ्या असतील. माझी तयारी होती, खरं सांगतो.

लाकडाच्या वखारीमागे एक शेड. वर पत्र्याची पाटी, हातानं रंगवलेली, "फक्त पुढच्या चाकांचं काम." खाली बारीक अक्षरात, "बाकीचं विचारू नये." आत पासष्ट-सत्तरच्या एक बाई, पुरुषी शर्ट, बाह्या दुमडलेल्या, केस पांढरेशुभ्र, एका जुन्या सीटवर बसून चहा पिताहेत. भिंतीवर पाने ओळीनं टांगलेले, लहान ते मोठे, एकाचाही कोन चुकलेला नाही. फरशीवर तेलाचा एक डाग नाही. गॅरेजात डाग नाही म्हटल्यावर मी चपला काढाव्या की काय अशा विचारात पडलो.

मी सुरू केलं, टायर, मशीन, शेजारी, तर त्यांनी हात वर केला. "मला तुम्ही सांगू नका. ती सांगेल." आणि गाडीत माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी वळवायला लागलो तोच, "स्टिअरिंग कुणी आवळलं?" मी म्हटलं, "शेजाऱ्यांनी." म्हणाल्या, "ते काय करतात?" "बँकेत होते." त्या काही बोलल्या नाहीत, पण बँकेबद्दलचं त्यांचं मत माझ्यापर्यंत पोचलं.

मोठ्या रस्त्याला लागलो. त्यांनी एक तळवा डॅशबोर्डवर ठेवला, एक पाय चपलेतून काढून गाडीच्या तळाला टेकवला, आणि डोळे मिटले. मी म्हटलं, काट्याकडे तरी बघा. नाही. डोळे मिटून, "आता त्रेपन्न." काटा त्रेपन्नवर. "आता सत्तावन्न." सत्तावन्न. माझ्या अंगावर काटा आला हो. साठला सुरू झालं, सगळं घरदार हलायला लागलं, माझे दात वाजताहेत, आणि ह्या बाई अशा बसल्यात, जसं कुणी नाडी बघतंय. मग म्हणाल्या, "डावं जास्त. उजवं त्याच्या मागून जातंय. चला परत." बास. तीन महिने मी, दोन दुकानं, एक कॉम्प्युटर. ह्यांना चार मिनिटं लागली आणि तेही अनवाणी.

मी विचारलं, "साठलाच का पण? सत्तरला का नाही?" तर म्हणाल्या, "झोपाळ्यावर पोर बसवून कधी ढकललंय? अवेळी ढकललं तर झोका मोडतो, वेळेवर ढकललं तर चढतो. प्रत्येक चाक फिरताना केसभर हलतंच, नवीन गाडीचंसुद्धा. साठला त्याची वेळ जुळते. पण झोका घ्यायला जागा लागते. तुमच्या गाडीत कुठेतरी जागा झालीये. ती शोधायची." इतकं सोपं. मला शाळेत अशी बाई असती तर मी आज कुठल्या कुठे असतो.

शेडमध्ये आल्यावर त्यांनी डावं चाक जॅकवर उचललं. खाली लाकडाचा ठोकळा सरकवला. ठोकळा बघून मला कुठेतरी काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण मी लक्ष दिलं नाही. माणूस लक्ष देत नाही हो अशा वेळी. मग आधी तीन महिन्यांच्या टायरवर हात फिरवला, पुढून मागे, मागून पुढे, मांजराच्या पाठीवर फिरवावा तसा. माझा हात धरून ठेवला तिथे. नवीन टायर, आणि जागोजागी बोट बसेल असे खळगे. म्हणजे बिचारा टायर आजारी नव्हताच, मार खात होता.

मग चाक वर आणि खाली धरलं आणि हलवलं. टक्. एवढाच आवाज. टक्. मला म्हणाल्या, "आत बसा, ब्रेक दाबून धरा." मी धरला, दोन्ही पायांनी धरला, देशाची जबाबदारी असल्यासारखा. पुन्हा हलवलं. टक्. म्हणाल्या, "बेअरिंग असतं तर ब्रेकनी गप्प बसलं असतं. बेअरिंग नाही." मग चाक दोन्ही कडांनी धरून हलवलं, आवाज नाही. "जोडाचे दांडेही बरे आहेत." आणि मग त्यांनी काय केलं, चाकाला गुडघा लावून गुडघ्यानं हलवत राहिल्या, आणि दोन बोटं, नुसती दोन बोटं आत घालून एकेका सांध्यावर ठेवत गेल्या. इथे नाही. इथे नाही. मी ब्रेकवरून पाय काढायचं विसरलो. इथे नाही… आणि थांबल्या. चेहऱ्यावर काही नाही, फक्त बोटं थांबली. "ये," म्हणाल्या. मला नाही हो, त्या ढिलाईला.

किंगपिन. म्हणजे काय, तर ज्या खिळ्यावर पुढचं चाक वळतं तो जाड खिळा. अंगठ्याएवढा. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो हातोडीनं ठोकून काढला, फडक्यानं पुसला, उजेडात धरला. आणि फिरवून फिरवून बघितला. मग त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून मी शेजारच्या स्टुलावर बसलो.

म्हणाल्या, "ह्या गाडीवर कुणाचं तरी फार प्रेम आहे." मी जरा छाती पुढे काढली. "ग्रीस ताजं आहे. दर आठवड्याचं असावं. कधी चुकवलेलं नाही." मी म्हटलं, "एकदाही नाही, ताई." म्हणाल्या, "पण सगळं ह्या अंगाला साठलंय. त्या अंगाला कोरडं ठाक. ही बघा खाच." खिळ्याच्या एका अंगात तोंड दिसेल अशी चकाकी, आणि दुसऱ्या अंगाला नख अडकेल अशी पायरी. "गाडीचा भार चाकावर असला की पिन एका बाजूला दाबून बसते. तिथे ग्रीस शिरायला फट राहत नाही. म्हणून आधी चाक उचलायचं, मग भरायचं. ही चकाकी जुनी आहे, बरीच वर्षं कुणीतरी उचलून भरत होतं. खाच अलीकडची. दहा-बारा वर्षं. कुणीतरी दुसरा आला. मायाळू आहे, पण घाईत आहे."

तुम्हाला सांगतो, पाचशे बहात्तर रविवार मी मोजले त्या स्टुलावर बसून. पाचशे बहात्तर रविवार मी अंगणात आडवा पडून, टाक्यांसकट, मनापासून ती गाडी झिजवली. आणि ह्या बाईंनी एका खिळ्यावर दोन माणसांचे स्वभाव वाचले. मी कोण ते सांगितलं नव्हतं. सासरे कोण ते सांगितलं नव्हतं. मला त्यांच्यापुढे डोकं टेकावंसं वाटलं आणि त्याच वेळी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, हे दोन्ही एकदम करायचं असेल तर माणूस जमिनीकडे बघतो, तसं मी बघितलं. त्या म्हणाल्या, "असू द्या. न भरणारे शंभर बघते मी. चुकीचं भरणारा निदान भरतो तरी." दोन्ही बाजूंच्या पिना बदलल्या, पिनांभोवतीचे बुश बदलले, शेजाऱ्यांचा स्क्रू होता तिथे आणला. जुनी पिन मी फडक्यात गुंडाळून घरी आणली.

आता सासऱ्यांना सांगायचं कोणी? बायको म्हणाली, "तुम्हीच." दोन दिवस पिन माझ्या खिशात. तिसऱ्या दिवशी गेलो वर, खिडकीपाशी ते बसलेले, टेबलावर पिन ठेवली. बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी पिन उचलली, तळहातावर तोलली, अंगठ्याचं नख फिरवलं, नख खाचेत अडकलं. मला वाटलं आता पिशवी काढतात. तर म्हणाले, "भाराच्या अंगाला."

मी म्हटलं, "बाबा, चूक माझी. मी जॅक लावतच नव्हतो."

म्हणाले, "माहितीये."

"कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून." आणि खिडकीकडे मान केली. खाली अंगण. गाडी. बरोब्बर पुढची चाकं.

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?" तर त्यांनी पिन फडक्यावर ठेवली, फडकं नीट केलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जावई आहात. आणि इतक्या उत्साहानं करत होता. वाटलं, एखाद्या रविवारी तुमचं तुम्हाला कळेल." म्हणजे हा माणूस अकरा वर्षं, आपली स्वतःची गाडी डोळ्यांदेखत झिजताना बघत बसला, माझं मन मोडू नये म्हणून. आणि त्यापायी बहिणीकडे जाणं बंद झालं तरी गप्प. मला कळेना, ह्याला भित्रेपणा म्हणायचं का मोठेपणा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी सांगितलं ग्रीस गेलंय डोळ्यात.

पहिला शनिवार आला. सासरे पुढे, पाय सरळ. बायको मागे. पन्नास. पंचावन्न. अठ्ठावन्न. सासऱ्यांनी डॅशबोर्डवर तळवा ठेवला, अगदी ताईंसारखा. काटा साठवर आला… आणि काही नाही. काहीच नाही हो. चष्म्याचं घर जागच्या जागी. आरशात एका ट्रकचा एकच ट्रक. मी स्टिअरिंगवरचा एक हात काढला आणि नुसतं बघत राहिलो त्या स्थिर चाकाकडे. देऊळ बघावं तसं बघितलं मी. सासऱ्यांनी तळवा उचलला आणि एकदा डॅशबोर्डवर ठेवला, हलकेच, शिक्का मारावा तसा. एवढ्या वर्षांत मला मिळालेला तो पहिला शिक्का.

इथे संपलं असतं तर किती बरं झालं असतं. पण आत्याबाईंनी विचारलं, चार महिने कुठे होतास? ह्यांनी सांगितलं. सगळं. खरं बोलतात ना, वजनमापवाले. आत्याबाईंनी पत्ते खाली ठेवले. "अकरा वर्षं खिडकीतून बघत बसलास? देवानं तोंड काय जेवायलाच दिलंय? तुझ्या भिडेपायी मी चार महिने भिंतीशी पत्ते खेळले. आजपासून दिसलं की बोलायचं. लगेच. मला शब्द दे." आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसानं मान खाली घालून शब्द दिला.

परत निघालो. गाडी लोण्यासारखी. काटा साठवर आला आणि सुरू. "जावईबापू, क्लचवर पाय विसावून चालवता तुम्ही." मी पाय काढला. "गिअर उशिरा टाकता." बरं. "वळणावर आधी ब्रेक, मग वळण. तुमचं उलटं." बरं, बाबा. "आणि आमच्या हिच्या वर्षश्राद्धाला तुम्ही फोटो लावलात, तो डावीकडे कललाय. सात वर्षं झाली." अहो, अकरा वर्षांचं साठलंय, तारीखवार साठलंय. दर खेपेला जाताना गाडीचं, येताना घराचं. मधे पेट्रोल भरायला थांबलो तर माझ्या जेवायच्या पद्धतीवर. मागून बायको हसू दाबते ते मला आरशात दिसतं, आरसा आता हलत नाही ना.

आणि साठच्या खाली गप्प असतात बरं का. मला वाटतं, तेवढ्या वेगाला त्यांचा झोका जुळत असावा.

काल मी ताईंकडे गेलो. म्हटलं, ताई, थरथर गेली, उपकार झाले, पण काटा साठवर आला की सासरे सुरू होतात, ह्याला काही उपाय? त्यांनी चहाचा घोट घेतला आणि हातातला पाना वरच्या पाटीकडे रोखला. "पुढच्या चाकांचं बघते मी. पुढच्या सीटचं नाही."